मावशीचं जाकीट

लग्न असो, बारसं असो की ग्रामसभा, आमच्या शेजारची जाकीटमावशी लुगड्यावर ते काळं जाकीट चढवल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. जाकीट व्यायामाचं, आत वजनं भरलेलं. वाशिंदच्या कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या मुलाने पोट कमी करायला आणलं, आठवडाभर मिरवलं आणि खुंटीला टांगलं. मावशीने ते काढून स्वतःच्या अंगात घातलं. गावाला हसायला तेवढं पुरेसं होतं.

ती ते का घालते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मावशीचा नवरा, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, एका बाजूने लुळे पडले होते. त्यांना खाटेवरून ओट्यावर आणायला दोन गडी बोलवावे लागत. बाबा भारी मानी. शेजाऱ्यांच्या हातांवर लोंबकळत बाहेर यायचं त्यांच्या जिवावर येई. शेवटी त्यांनी बाहेर यायचंच सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. यांना आपण एकटीने उचलायचं, हे मावशीने तेव्हा ठरवलं.

मग अंगात ताकद यावी म्हणून शेण काढताना, गवताचा भारा आणताना, देवळाची टेकडी चढताना जाकीट अंगावर. ओझं होत नाही का, असं विचारलं की म्हणायची, "याचं काय ओझं गो? हे निदान कुरकुर तरी नाय करत."

पुढे ते वजन तिला कमी वाटू लागलं. तिने फडक्याच्या पुरचुंड्यांत भाताचे दाणे भरून त्या जाकिटाला आतून शिवल्या. घरात दुसरं होतं काय! लावणीच्या दिवसांत जाकीट रोज चिंब भिजायचं आणि रात्री चुलीजवळ उबेला टांगलं जायचं. व्हायचं तेच झालं. एका सकाळी ती जाकीट घालून बाबांना चहा द्यायला गेली, तर काखेतून हिरवे कोंब डोकावत होते. बाबा अर्ध्या तोंडाने इतके हसले की चहा अंथरुणावर सांडला. आजारपणानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मावशीने ते कोंब परसात नेऊन लावले आणि पुरचुंड्यांत खडी भरली.

त्या हिवाळ्यात म्हशाची जत्रा, बैलांचा मोठा बाजार, भरली. बाबांनी उभा जन्म तिथे बैलांची पारख केलेली. बैल घेऊन जाणारे टेम्पो आमच्या दारावरून जात होते आणि ते आत पडून नुसता आवाज ऐकत होते. मावशीने जाकीट उतरवलं, पदर खोचला आणि त्यांच्या बगलेत हात घातले.

बाबा घाबरले. "पाडशील गो."

"पाडलं तर खाली मीच हाय," ती म्हणाली आणि तिने त्यांना उचललं.

दुपारपर्यंत बाबा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बैलांना नावं ठेवत होते. त्यानंतर ते रोज ओट्यावर दिसू लागले. मला त्या बाईचा फार अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मावशी पुन्हा जाकीट घालून अंगणात दिसली. मुलगा चिडला, आता हे कशाला म्हणून. मावशी शांतपणे म्हणाली, "उचलायला कोण नाय, म्हणून ताकद फेकून देऊ का रे?"

माझी आई तेव्हा खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. मावशीने कुंपणावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या आयशीला उन्हात कोण बसवतं गो?"

मी काही बोलायच्या आत ती जाकिटाचे पट्टे सोडत आमच्या दाराकडे निघाली होती.