दुभाषी रत्नाचा श्वास

रत्ना देवपुजारी पोटासाठी दुसऱ्यांची दुखणी बोलायची.

ईडन प्रेरी गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये, वॉशर-ड्रायरच्या शेजारच्या लहानशा खोलीत ती कानाला हेडसेट लावून बसायची. अमेरिकेतल्या कुठल्याही गावच्या हॉस्पिटलमधून फोन यायचा. पेशंटला इंग्रजी येत नाही, हिंदी किंवा मराठीची दुभाषी हवी. मग डॉक्टरचं बोलणं ती पेशंटला सांगायची आणि पेशंटचं डॉक्टरला. या कामाचा एक नियम होता. 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. पेशंट 'माझ्या छातीत दुखतंय' म्हणाला, की दुभाष्यानेही 'माझ्या छातीत दुखतंय' असंच म्हणायचं. त्यामुळे सकाळपासून रत्नाला मूतखडा व्हायचा, मोतीबिंदू व्हायचा, कधी दिवस जायचे, कधी पोटातलं मूल जायचं. संध्याकाळी हेडसेट काढून ती वर यायची आणि धडधाकट हातांनी वरणभाताचा कुकर लावायची.

अमरावतीहून लग्न होऊन आली तेव्हा तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती. केया झाली, शाळेत गेली, ग्रीन कार्ड आलं, तोवर तिची एम.ए.ची पदवी जुनी होऊन गेली होती. मग हे काम मिळालं आणि तिला ते मनापासून आवडलं. लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी अकोल्याहून, लातूरहून आलेली म्हातारी माणसं परक्या हॉस्पिटलात गांगरून गेलेली असायची. फोनवर मराठी ऐकलं की त्यांचा आवाज सैल पडायचा. 'बायोप्सी' हा शब्द ती त्यांच्या अंगावर टाकत नसे. 'छोटासा तुकडा काढून तपासायचा आहे,' असं सांगायची.

रत्ना घोरते, ही तक्रार नवऱ्याची. यतीन एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि घरातली कुठलीही अडचण बग असल्यासारखी निस्तरायला घ्यायचा. "तू झोपेत मध्येच थांबतेस, यार. श्वासच घेत नाहीस. मी मोजत बसतो," तो म्हणाला. त्याने अपॉइंटमेंट घेतली, तपासणी झाली, स्लीप ॲपनिया निघाला, म्हणजे झोपेत घशापाशी श्वास अडकण्याचा आजार. नाकावर बसणारा मास्क आणि रात्रभर हवा सोडणारं मशीन घरी आलं. रत्नाने कुरकुर केली नाही. ती रोज मास्क लावायची. यतीन मशीनमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचा, नळी धुवायचा आणि सकाळी फोनवर आदल्या रात्रीचे आकडे बघायचा. आकडे नेहमी छान असायचे.

पण दिवसा रत्नाला दम लागायला लागला.

आधी ते जिन्यावर जाणवलं. मग धुतलेले कपडे काढायला वाकली की जाणवायचं. बुटाची लेस बांधताना तर छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं. पाठीवर उताणं झोपणं तिने सोडून दिलं, उशांची चळत लावून ती अर्धवट बसूनच झोपायची. हे तिने स्लीप क्लिनिकमध्ये सांगितलं. तिथला माणूस कॉम्प्युटरवरचे आकडे बघून खूश होता. तो म्हणाला, "तुम्ही आमच्या उत्तम पेशंटपैकी आहात. उशा उंच ठेवता तेही चांगलंच आहे."

"पण दिवसा धाप लागते," रत्ना म्हणाली.

"सवय व्हायला वेळ लागतो. थोडी काळजीही असते मनात. वजन उतरलं तर बरं वाटेल. चालता का तुम्ही?"

यतीनने लगेच मनावर घेतलं. तो तिला रोज संध्याकाळी तळ्याभोवती चालायला न्यायला लागला. तो पुढे जाऊन उभा राहायचा, ती बाकावर बसायची. "अजून थोडंच," तो म्हणायचा. महाराष्ट्र मंडळातली हिमानी योगाचे क्लास घ्यायची. तिने प्राणायाम सांगितला. "ताई, श्वास पोटात भरायचा. पोट बाहेर यायला हवं." रत्ना डोळे मिटून बसायची, श्वास घ्यायची, आणि पोट बाहेर यायच्याऐवजी आत जायचं. आपल्यालाच नीट जमत नाही असं तिला वाटायचं.

कामावर मात्र लपवता येईना. टेक्सासमधून एक फोन आला होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हृदयाची झडप बदलायची होती आणि सर्जन लांबलचक वाक्यं बोलत होता. रत्ना निम्म्यावर आली आणि थांबली. पुढचे शब्द डोक्यात तयार होते, पण ते बाहेर ढकलायला हवाच उरली नव्हती. तिने श्वास घेतला, दोन शब्द बोलली, पुन्हा थांबली.

"काय झालं हो? एवढं वाईट आहे का?" म्हातारे गृहस्थ घाबरून म्हणाले. बाईला सांगवत नाही म्हणून ती अडखळतेय, असा त्यांचा समज झाला होता.

त्या दिवशी तिने हेडसेट लवकर काढून ठेवला. कंपनीतून तिची सुपरवायझर प्रीता हिचा फोन आला. प्रीता अदबीने बोलली. तक्रार आली आहे, तुमच्या माइकमध्ये श्वासाचा आवाज येतो, आम्ही नवा हेडसेट पाठवतो. नवा हेडसेट आला. त्यातही तोच आवाज यायचा.

चालणं जमत नाही तर पोहून बघ, असं कोणीतरी सुचवलं. हिवाळा सुरू झाला होता, कम्युनिटी सेंटरचा तलाव गरम होता. लहानपणी अमरावतीत ती पोहायला शिकली होती. पायऱ्या उतरून ती पाण्यात गेली. पाणी कमरेला लागलं तोवर ठीक होतं. छातीपर्यंत आलं आणि श्वास आत येणंच बंद झालं. पाण्याने पोट चारी बाजूंनी दाबलं होतं. तिला हाक मारता येईना. पाय तळाला टेकलेले, डोकं पाण्याच्या वर, आणि ती गुदमरत होती. लाइफगार्ड पोरगी धावत आली आणि काखेत हात घालून तिने तिला बाहेर ओढलं. काठावर बसताच श्वास परत आला. पोरगी गोंधळून म्हणाली, "तुम्ही बुडत तर नव्हता."

यतीनला ही हकीकत हसण्यावारी नेता आली नाही. त्याने फुप्फुसाचे वेगळे डॉक्टर गाठले. त्यांनी तलावाची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली आणि रत्नाला टेबलावर सपाट झोपवून नळीत फुंकर मारायला सांगितली. मग एक्स-रेच्या पडद्यासमोर उभं केलं आणि फूल हुंगल्यासारखं नाकाने जोरात हुंगा म्हणाले. निरोगी माणसाचा छातीखालचा पडदा हुंगताना खाली जातो. तिचा दोन्ही बाजूंनी वर जात होता. पडद्यातला जोर गेला होता. झोपेत श्वास थांबत होता तो घशापाशी अडकतो म्हणून असं सगळे धरून चालले होते, पण श्वास ओढणारा पडदाच थकला होता.

पुढे नसांचे डॉक्टर, हातापायांत टोचलेल्या सुया, जिभेची तपासणी. निकाल सांगायला ज्या डॉक्टर बाई आल्या त्या खुर्ची ओढून रत्नाच्या अगदी जवळ बसल्या. रत्ना हे फोनवरून ओळखायला शिकली होती. डॉक्टर हळू बोलायला लागले, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, की पुढे काय येणार हे तिला कळायचं.

डॉक्टर बाई बोलल्या. मग थांबल्या. यतीनला इंग्रजी यायचं, पंचवीस-तीस वर्षं तो त्याच भाषेत नोकरी करत होता. तरी तो रत्नाकडे वळून म्हणाला, "काय म्हणाल्या त्या?"

आणि रत्नाने आपल्या कामाच्या आवाजात, वाक्यं तोडत तोडत, सांगितलं.

"मला हे सांगताना वाईट वाटतंय. हा नसांचा आजार आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा... एकेक करून मरतात. बहुतेकांचा हातापायांपासून सुरू होतो. तुमच्या पत्नीचा... श्वासापासून सुरू झालाय. तो बरा होत नाही."

"किती दिवस?" यतीनने विचारलं.

रत्नाने डॉक्टरांकडे वळून त्याचा प्रश्न इंग्रजीत विचारला. उत्तर ऐकलं. पुन्हा यतीनकडे वळली. "नक्की सांगता येत नाही. श्वासापासून सुरू झाला... की वेळ कमी असतो."

डॉक्टर बाईंना मराठी येत नव्हतं, पण काय चाललंय ते त्यांना कळलं. त्यांनी रत्नाच्या मनगटावर हात ठेवला. "हे तुम्ही करायची गरज नाही."

"माहीत आहे," रत्ना म्हणाली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसली.

गाडीत बसल्यावर यतीनने स्लीप क्लिनिकचा विषय काढला. एवढे महिने त्यांनी फुकट घालवले, त्यांना सोडणार नाही, असं काहीबाही बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने डॉक्टरांना फोन केला. आधी कळलं असतं तर वाचली असती का? डॉक्टर बाईंनी खोटं सांगितलं नाही. थोडे महिने बरे गेले असते, शेवट हाच झाला असता. यतीनने फोन ठेवला. मग तो उठला आणि जुन्या मशीनची नळी धुवायला लागला. ते मशीन आता लागणार नव्हतं. दुसरं येणार होतं, श्वास आत ढकलून देणारं. रत्ना बघत होती, पण तिने त्याला थांबवलं नाही.

नोकरी तिने स्वतःच सोडली. प्रीता म्हणाली, बऱ्या झालात की कळवा. रत्ना 'हो' म्हणाली. एका शब्दाला पुरेसा दम होता.

स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करणारी केया सामान गुंडाळून घरी आली. ती इथेच जन्मलेली, आईबाबांना इंग्रजीतच उत्तर देणारी. तिने खटपट करून आवाज साठवायची सोय शोधून काढली. पेशंटने आधीच वाक्यं वाचून ठेवायची. वाचा गेली की त्याने टाइप केलेलं कॉम्प्युटर त्याच्याच आवाजात बोलतो. रत्ना मास्क बाजूला करून वाचायला बसली. वाक्यं सगळी इंग्रजी होती, हवापाण्याची, कुत्र्यामांजरांची.

"मराठी?" तिने विचारलं.

केयाने चौकशी केली. त्या प्रोग्रॅमला मराठी येत नव्हतं.

"मग मी यतीनशी... कशी बोलू?"

"आई, बाबा नोज इंग्लिश," केया म्हणाली.

यतीन म्हणाला, आपण साध्या फोनवर मराठी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवू, बटण दाबलं की वाजतील. तिघंही स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. कुठली वाक्यं लागतील? रत्नाने 'पाणी दे' म्हटलं. 'खिडकी लाव' म्हटलं. 'कूस बदल' म्हटलं. मग ती यतीनकडे बघत राहिली. इतकी वर्षं दोघं काय बोलत होती ते आठवायला बसलं तर हाती काही लागत नव्हतं. "राहू दे, उद्या करू," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिला कफ झाला, त्यातून हॉस्पिटल झालं, आणि परत आली तेव्हा मास्क दिवसाही काढता येत नव्हता. मशीनच्या फुंकरीबरोबर जे बाहेर यायचं त्याला बोलणं म्हणता आलं नसतं.

आता ती बैठकीच्या खोलीत, पाठ उभी ठेवणाऱ्या खुर्चीत असते. बाहेर बर्फ साचतो आणि वितळतो. गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायला तिने नकार दिला आहे. यतीनने त्यावर वाद घातला नाही, फक्त संध्याकाळी एकट्याने चालायला जाणंही बंद केलं.

परवा दुपारी केया तिच्या पायांशी येऊन बसली. घरी आल्यापासून ती मराठी बोलायचा प्रयत्न करते. "आई, बाबाची गाडी आला," ती म्हणाली. "मी चहा ठेवली. तुला खिडकीत बसवू?"

रत्नाच्या ओठांची हालचाल झाली. गाडी आली, चहा ठेवला, एवढंच सांगायचं होतं. मास्कच्या आत हवा फुरफुरली. केया घाईने उठली. मास्क सैल झाला असं समजून तिने मागचा पट्टा घट्ट केला, मशीनचा आकडा बघितला आणि आईच्या कपाळावरचे केस बाजूला केले.

"ओके? आता बरा वाटतो?" तिने विचारलं.

रत्नाने मान हलवली.