कॉमनची जागा

रविवारी सकाळी क्रिकेट खेळायचं तर अर्धा तास नुसत्या हाका मारण्यात जायचा. सेवाग्राम रोडला लागून असलेल्या आमच्या वस्तीत एकेका फाटकापुढे उभं राहून ओरडायचं. आतून "येऊन राह्यलो" असं उत्तर यायचं आणि माणूस काही यायचा नाही. माझं डोकं फिरायचं. मी पुण्याची नोकरी घरून करत होतो, अ‍ॅप बनवणं हाच धंदा. म्हटलं, हा घोळ आपणच मिटवू.

महिनाभर खपून अ‍ॅप केलं. शनिवारी नाव टाकायचं, सोळा जण झाले की यादी बंद, मग मोबाईलच आठ-आठच्या दोन टीम पाडणार. आता कुणाला हाक मारायची गरजच नाही, हे मी दहा जणांना तरी ऐकवलं असेल. पहिल्याच रविवारी सातच्या ठोक्याला खेळ सुरू झाला आणि मी कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या रविवारी लक्षात आलं, काका दिसत नाहीत. काका म्हणजे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आमचे कायमचे 'कॉमन'. गुडघ्यांमुळे धावता येत नसे, म्हणून ते दोन्ही टीमकडून बॅटिंग करायचे आणि त्यांच्यासाठी दुसरं कुणीतरी धावायचं. आउट झाले की बॉलरवरच डाफरायचे. त्यांना कोणत्याच टीममध्ये मोजत नसत, आणि त्यांच्याशिवाय खेळही सुरू होत नसे. माझ्या अ‍ॅपमध्ये मात्र टीम दोनच होत्या.

खेळ संपल्यावर बॅट घेऊन तसाच त्यांच्या घरी गेलो. काका ओसरीत खुर्चीवर बसले होते. पायात कॅनव्हासचे बूट, लेस बांधलेल्या.

"काका, येत काऊन नाई तुमी?"

"तिन्ही शनिवारी नाव टाकलं ना बाप्पा. मोबाईल म्हने, जागा नाई." मग म्हणाले, "मले वाटलं, तुमी साऱ्यायनं मिळून ठरवलं असन. तोंडावर सांगाले जड गेलं असन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळाचा आकडा मीच घातला होता, आणि घालताना काकांची आठवणसुद्धा आली नव्हती.

"आजच कॉमनची जागा करतो, काका."

"कर. पन तू हाक मारजो. हाक आली का समजते, आपली वाट पाहून राह्यले म्हनून."

अ‍ॅपमधला बदल पाच मिनिटांचा निघाला. पुढच्या रविवारी पावणेसातला त्यांच्या फाटकापुढे उभा राहून ओरडलो.

"येऊन राह्यलो," आतून आवाज आला. बूट घालूनच बसले असणार, तरी यायला चांगली दहा मिनिटं लावली त्यांनी. मी उभा होतो.