नांदेडचा ठिपका

ये गं, जवळ बस. तू पुण्यात आहेस ते ठाऊक आहे. वाचताना तरी जवळ बसल्यासारखी बस, आणि अंगठा थांबव आधी. मावशी बोलत असताना अंगठा चालू ठेवायचा ही कुठली रीत? तू म्हणे तिथं डिजिटल मार्केटिंग करतीस, घडीघडीचे आकडे बघून जाहिरात बदलतीस. चांगलंय. पण त्या विद्येत आमच्या लातूरच्या इवायांएवढा मोठा साधक पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नाही, हे मी तुला लिहून देते.

इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. लातुरात त्यांचं मसाल्याचं दुकान, आणि त्यांचं येसर, म्हणजे आमटीला लावायचा भाजका मसाला, असं की आमटीला उकळी फुटली की शेजारीण वाटी घेऊनच येते. उभा जन्म गल्ल्यावर बसून पेंगलेला हा माणूस. पण माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्याच लेकानं, दुकानाची वेबसाइट काढून दिली आणि मोबाईलवर एक नकाशा दाखवला. ह्या घडीला कोण कुठून बघतंय, त्याचे निळे ठिपके. त्या दिवशी त्यांची पेंग गेली ती गेलीच. सकाळची लिंगपूजा तेवढी सोडली तर नकाशा नजरेआड होत नाही. ठिपका हलला की इवाई हलतात. उदगीरचे ठिपके वाढले की जाहिरातीत दोन कानडी शब्द घालायचे, पुण्याचा एखादा उगवला की तिखट कमी असल्याचं लिहायचं, तो मावळला की ते पुसायचं. एकाच मसाल्याचं एका दिवसात सकाळी 'झणझणीत', दुपारी 'मध्यम' आणि दिवेलागणीला 'लेकरांनाही चालेल' असं बारसं झालेलं मी पाहिलंय. मसाला बिचारा डब्यात होता तसाच होता.

बरं, हे दुकानापुरतं राहावं की नाही? त्यांच्या पुतणीच्या लग्नात हे पंगतीवर देखरेखीला उभे. कुणाचा हात बुंदीवर घुटमळला की बुंदी मागं, भात पुढं. एका म्हाताऱ्यानं दात कोरायला हात थांबवला, तर ह्यांनी सगळे वाढपी थांबवले आणि आचाऱ्याला भजी तळायला बसवलं. मला म्हणाले, "माणसाचं मन बदलायच्या आत आपण बदलायचं, ईनबाई." तोवर वरण संपलं होतं, तिकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

तर ह्या नकाशावर एक ठिपका नांदेडचा. रोज चारच्या चहाला उगवायचा, बराच वेळ रेंगाळायचा आणि काहीएक न घेता मावळायचा. त्यानं इवायांना अन्न गोड लागू दिलं नाही. आता तुला काय लपवायचं, तो ठिपका म्हणजे मी. मसाला मला कशाला हवा, लेक डबे भरून पाठवते. पण वेबसाइटवरच्या जाहिरातीच्या व्हिडिओत येसर भाजणारी बाई म्हणजे माझी लेक. फोन करावा तर ती कामात, आणि लेकीच्या सासरी ऊठसूट जाणं आपल्यात बरं दिसत नाही. मग चहा घेत घेत तिला बघायची, इतकंच.

आणि हा ठिपका पकडायला इवायांनी सल्ला कुणाला विचारावा? मला. "शरणार्थ, ईनबाई. तुमच्या नांदेडचं एक गिऱ्हाईक लई छळून राहिलंय. तिकडच्या लोकांना काय पाहिजे असतं, जरा खुलासा करा." मी म्हणाले, नांदेडच्या माणसाला तोंड दिसल्याशिवाय भरवसा वाटत नाही, त्या बाईला जरा जवळून दाखवा. दुसऱ्या दिवशी लेक पडदाभर. मला ती वाळल्यासारखी वाटली. म्हणून कळवलं की बाई उपाशी दिसते, अशानं मसाल्यावर शंका येते. लगेच लेक भाकरी चुरून आमटी खायला बसली. मग म्हटलं, हसली तर आणखी बरं. हसली. नांदेडचा ठिपका आता हलायलाच तयार नाही, आणि इवाई माझ्या अकलेची तारीफ अख्ख्या लातुरात करत सुटलेले.

मग एका दुपारी इवायांचा फोन आला. "बघणारं हाय, घेणारं न्हाई. उद्यापासून बाई बंद करून टाकतो, नुसतं पाकीट दाखवू." मी बरं म्हणाले. पुढ्यातला चहा तसाच निवला. पाकिटाकडं काय बघत बसायचं? घेणारं गिऱ्हाईक दिसलं तरच लेक जाहिरातीत टिकणार होती. पण इहिणीनं इवायाच्या दुकानातून मसाला मागवणं म्हणजे तुम्ही पाठवलेला डबा पुरला नाही असं तोंडावर सांगणं. तरी मागवला. नाव दुसरं घालणार होते, पण ते यंत्र पत्ताही मागतं, आणि माझ्याकडं पत्ता एकच.

जरा वेळानं फोन वाजला. पलीकडं मसाल्याची गिरणी घरघरत होती. इवाई म्हणाले, "रोज चार वाजता तुम्हीच होय?"

"हाव."

"मग आधी सांगायचं न्हाई का. मी उगंच झणझणीत-मध्यम करून राहिलो."

दुसऱ्या दिवशी दारात लेक उभी, हातात येसरचं पाकीट. सासऱ्यांनी एसटीत बसवून दिलं होतं. घरपोच लिहिलंय तर घरपोच, म्हणाले. राहिली, जेवली. जवळून पाहिली तर मुळीच वाळली नव्हती.

इवाई अजून आहेत तसेच. परवा ढग बघून दुकानाची पाटी बदलली आणि ऊन पडल्यावर परत पालटली. पण ती जाहिरात काही हलवली नाही. नकाशा काय म्हणतो, मी विचारलं. "बोंबलून राहिलाय बंद करा म्हणून. बोंबलू द्या." मागं मला ताप होता, मोबाईल हातात घेतला नाही, तर दिवेलागणीच्या आत त्यांचा फोन, ठिपका दिसला न्हाई म्हणून. मी इकडून लेकीला बघते आणि तो बुवा तिकडून मला.

आणि तू गं? माझं स्टेटस रोज बघतीस, बघणाऱ्यांत तुझं नाव येतं मला. बघणारं गिऱ्हाईक झालीस तू. एखाद्या रविवारी गाडीत बस आणि ये लवकर. येसर फोडलेलं नाही अजून.