वीज गेलेल्या घरातला उजेड

मालिकेत रात्र नसते. संवादात असते, भिंतीवरच्या घड्याळात असते, चेहऱ्यावर नसते. मध्यरात्री सून रडत असली तरी पोळ्या लाटता लाटता बघणाऱ्या बाईला तिच्या नाकातली चमकी दिसली पाहिजे, असा वाहिनीचा हट्ट. आधी मुंबईत आणि आता नाशिकबाहेरच्या एका भाड्याच्या बंगल्यात मी तेच करत आलो. समोरून दोन मोठे दिवे, मागून एक, चला पुढे. प्रकाश दिग्दर्शक म्हणून माझं नाव पडद्यावर येतं आणि वाचायच्या आत पळतं.

मध्यंतरी एका भागात लिहून आलं: घरातली वीज गेली आहे, आजी स्वयंपाकघरात एकटी बसली आहे. हा एक प्रसंग तरी खऱ्या अंधारात करू, म्हणून मी दिग्दर्शकाच्या मागे लागलो. तो तयार झाला, पण दिवे कमी म्हणजे काम लवकर उरकेल, या हिशेबानं.

आजीचं काम करणाऱ्या ताई नाशिकच्याच, हौशी नाटकांतून आलेल्या. मी त्यांना मेकअप करू नका म्हणालो; एवढ्याशा उजेडात तो मुखवट्यासारखा दिसला असता. त्या जरा घुटमळल्या.

"कॅमेऱ्यापुढे अशी कधी बसले नाही, दादा. चेहरा तुमच्या भरवशावर."

"निर्धास्त बसा," मी म्हणालो.

ओट्यावर रॉकेलची एक चिमणी पेटवून ठेवली आणि तिला साथ म्हणून डब्याआड एक बारका बल्ब लपवला. ताईंचा अर्धा गाल आणि हात तेवढे उजळले, बाकी काळोख. मेकअपवाला मॉनिटरपाशी येऊन हसत म्हणाला की आता त्याची नोकरी गेली. इतक्या वर्षांत प्रथमच मला माझं काम बघत राहावंसं वाटलं.

प्रसंग दाखवला गेला तेव्हा मी नाशिक रोडच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. चेहरा दिसत नाही म्हणून वाहिनीनं सगळं चित्र उजळून घेतलं होतं. काळोखाची राख झाली होती, भिंतींवर मुंग्या आल्यासारखं दिसत होतं आणि ताईंच्या चेहऱ्यावरचा डाग न् डाग, डोळ्यांखालची पिशवी न् पिशवी वर आली होती. फोन केला, तर वाहिनीतल्या माणसानं शांतपणे समजावलं, की लोक भर उन्हात बसथांब्यावर मोबाइलवर बघतात. त्याचं चूक नव्हतं, म्हणून जास्तच चीड आली. आणि ते उजळतील हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तरी मी ताईंना निर्धास्त बसा म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सेटवरचा पहिला दिवा लागला आणि रोजच्यासारखे सगळ्यांनी त्याला हात जोडले. ताईंनीही जोडले. त्या पूर्ण मेकअप करून आल्या होत्या. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मधेच थांबवलं.

"नातीनं विचारलं, आजी, तू आजारी आहेस का. जाऊ द्या. आज समोरून दोन लावा."

प्रसंग रात्रीचाच होता. मी दोन लावले. तिसरा लावू का, असंही विचारलं. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. उजेड मोजायला मी मीटर त्यांच्या गालाजवळ नेलं, तेव्हा त्यांनी चेहरा किंचित मागे घेतला.