बुधवारचा शेवटचा प्रश्न

आमच्या चर्चच्या मंडळीत माझ्या एका मित्राबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या घरच्या बुधवारच्या सभेत त्यानं बायबलची टवाळी केली आणि मी त्याला उठवून बाहेर काढलं, अशी. नव्या पाळकसाहेबांनाही ती कुणीतरी सांगितली. परवा त्यांनी मला विचारलं, "काका, देवाच्या वचनासाठी तुम्ही एवढी जुनी मैत्री तोडलीत म्हणे?" मी हसलो आणि "चहा घ्या" म्हणालो.

गेली काही वर्षं मी असाच हसतो आणि चहा पुढं करतो. लिहायला बसलो की डोळ्यांचं कारण काढून उठायचो. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, स्वच्छ दिसतं, तेही कारण उरलं नाही. म्हणून आधी खरं ते लिहितो. त्याला मी बाहेर काढलं नव्हतं. त्यानं टवाळी केली नव्हती. त्यानं एक प्रश्न विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं.

मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. तो शिवाजी पेठेतला, एका फौंड्रीत सुपरवायझर. सकाळच्या गाडीनं कामाला जायचा आणि गाडीला उशीर झाला की माझ्या खिडकीशी येऊन भांडायचा. भांडता भांडता ओळख झाली, आणि ओळख झाल्यावरही भांडण काही थांबलं नाही. तो कुठलाच देव मानत नव्हता. अंबाबाईच्या देवळासमोरून चपला न काढता, हात न जोडता जायचा. "मी माझ्या घरच्या देवाची गय केली न्हाय, तर तुझ्या देवाची कशाला करू?" असं म्हणायचा. मला ते न्यायाचं वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मला भविष्यवाण्यांचा नाद लागला. आमच्याकडं आजोबांच्या वेळेपासून बायबल वाचलं जातं, पण घरात कुणी त्यातल्या शेवटच्या, जगाच्या अंताच्या पुस्तकाच्या वाटेला फारसं जात नसे. मी गेलो. सात शिक्के, सात कर्णे, समुद्रातून वर येणारा पशू. एका साइनबोर्डवाल्याकडून कापडावर मोठा तक्ता रंगवून घेतला. त्यावर बायबलमधल्या एका राजाच्या स्वप्नातला, एकामागून एक पडणाऱ्या राज्यांचा पुतळा होता: डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, खाली पितळ, पाय लोखंडाचे आणि पावलं लोखंड-मातीची. तो तक्ता बाहेरच्या खोलीत टांगला आणि दर बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी सभा भरायला लागली. मंडळीतली पाच-सहा घरं यायची. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर यायच्या. आणि माझा हा मित्र यायचा. पहिल्यांदा गंमत बघायला आला, मग येतच राहिला.

तक्ता बघून पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काय रं कंट्रोलर, लोखंड आणि माती एकत्र बसत न्हाय म्हणून हे राज्य पडणार, आसं म्हणतोस?"

"वचनात तसं आहे."

"आरं, आमच्या फौंड्रीत मातीच्या साच्यातच लोखंड बसतंय. त्याच्यावर पोरीचं लगीन केलंय मी."

"आणि साच्यातनं काढल्यावर माती झाडून टाकतोस का न्हाय?"

"झाडतो," तो म्हणाला. सगळे हसले, तोही हसला.

मग त्यानंच नियम घातला. प्रार्थना, वाचन, चहा झाल्यावर त्यानं एक प्रश्न विचारायचा. प्रश्न त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा असावा, ऐकीव काही चालणार नाही. मी उत्तर द्यायचं ते वचनातूनच, मनाचं एक अक्षर घालायचं नाही. जो अडकेल त्यानं पुढच्या बुधवारी सगळ्यांना कांदाभजी आणायची. मंडळीतल्या काही जणांना हे आवडलं नाही. पण मला ते फार आवडलं, कारण त्याच्याशी जिंकायचं तर मला आठवडाभर वाचावं लागे. आणि आता कबूल करतो, की वाचताना मी देवाला शोधत नसे. त्याच्यासाठी टोले शोधत असे.

लढाईची बातमी आली, भूकंप झाला, की मी तक्त्यावर काठी ठेवायचो. पशूची खूण आणि माणसामाणसाला दिलेले नंबर यावर मी एकदा तासभर बोललो. शेवटी तो म्हणाला, "डोळ्यानं बघितल्यालं विचारतो. आधार काढायच्या रांगेत माझ्या म्होरं कोण हुतं?" मीच होतो. पुढच्या बुधवारी भजी मी आणली.

जगाच्या शेवटाची तारीख सांग म्हणून तो हटून बसायचा. तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, असं मी म्हणायचो. "मग वेळापत्रक कशाला टांगलंयस? तुझी सकाळची गाडी तरी कवा वेळंवर आली?"

त्याची बायको त्याला जेवायला बोलवायच्या निमित्तानं यायची. आधी दारातून हाक मारायची, मग माझ्या बायकोबरोबर आत बसायला लागली. दोघी भाजी निवडत असत. तिच्या घरी देवघर होतं, ती रोज पूजा करायची. तो त्याला हात लावत नसे, तीही त्याला काही म्हणत नसे. आमच्याकडं येऊन तिला आमची संथ चालीची गाणी पाठ झाली. गाणं सुरू झालं की ती आतून हळू आवाजात म्हणायची. हा बाहेरून ओरडायचा, "बघ कंट्रोलर, माझ्याच घरात फितुरी." आतून ती म्हणायची, "गाणं हाय ते, म्हणू द्या की. तुमचं भांडाण ऐकण्यापेक्षा बरं."

कोरोना आला तेव्हा सभा बंद पडली, पण मी फोनवरून बोलायचो आणि लोक कधी नव्हे इतकं लक्ष देऊन ऐकायचे. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटत होतं.

सभा पुन्हा सुरू झाल्या त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, किडन्या गेल्या. त्यांना डायलिसिसच्या मशीनवर घेत होते. तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचा. मी जायचो, पण आम्ही तिथं कधी वाद घातला नाही. उन्हाळा संपता संपता त्या गेल्या. पंचगंगेच्या घाटावर सगळं झालं. मी लांब उभा होतो. त्यानं कुठलेच विधी करणार नाही म्हणून भावकीशी भांडण काढलं आणि मग पोरीनं हात धरल्यावर सगळे केले.

त्यानंतर महिनाभर तो फिरकला नाही. मग एका बुधवारी आला. नेहमीसारखा दाराजवळच्या खुर्चीत बसला. मला आनंद झाला. गडी सावरला, पुन्हा भांडायला आला, असं मी समजलो. त्या दिवशी मी शेवटच्या न्यायावर बोलत होतो: कर्णा वाजेल, मेलेले उठतील, पुस्तकं उघडली जातील. चहा झाला. सगळ्यांनी सवयीनं त्याच्याकडं बघितलं.

तो म्हणाला, "डोळ्यानं बघितल्यालंच विचारतो, कंट्रोलर. तुमची माणसं पुरल्याली असतात. आमची जाळल्याली. राख पाण्यात सोडल्याली. कर्णा वाजल्यावर त्येंचं काय? त्येंनी कुठनं उठायचं?"

हा प्रश्न त्यानं पूर्वी एकदा विचारला होता. तेव्हा थट्टेत विचारला होता आणि मी अडखळलो होतो, भजी आणावी लागली होती. नंतर मी त्याचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. कितीतरी दिवस ते माझ्याजवळ धार लावून पडलं होतं. प्रश्न तोच, नियमही त्यानं पाळलेला. मी सुरू केलं.

म्हणालो, "देवाला राख काय आणि माती काय, सारखीच. उठणं अवघड नाही. समुद्रसुद्धा आपल्यातले मेलेले परत देईल, असं वचन आहे. प्रश्न उठल्यावरचा आहे. जीवनाच्या पुस्तकात ज्यांचं नाव नाही, त्यांना अग्नीच्या सरोवरात टाकलं जाईल." अध्याय सांगितला, ओवी सांगितली. कोपऱ्यातून कुणीतरी "आमेन" म्हणालं.

तो जमिनीकडं बघून म्हणाला, "म्हंजे तिला दोनदा जळायचं."

आवाज चढलेला नव्हता. तो उठला, चपला घालताना डाव्या पायात उजवी घातली, परत काढली, नीट घातली आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही. क्षणभर मला वाटलं होतं, आज मी जिंकलो.

लोक गेल्यावर सिस्टर कप विसळत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, तो माणूस वादाला आला नव्हता."

मी म्हणालो, "प्रश्न त्यानंच काढला."

"विचारायची दुसरी रीत तुम्ही दोघांनी ठेवलीय कुठं?" त्या म्हणाल्या आणि कप पालथे घालायला लागल्या.

आता जे लिहितो ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. वहिनी दवाखान्यात होत्या तेव्हा एकदा तो औषधं आणायला खाली गेला होता. मी एकटाच कॉटजवळ होतो. त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्या त्या दिवशी हाका मारतील तवा मलाबी उठवाय सांगा. माझी झोप लई गाढ हाय." मग हसल्या आणि म्हणाल्या, "ह्यास्नी सांगू नका, चिडवत्याल." मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

हे मला माहीत होतं. त्या बुधवारी तो माझ्यासमोर बसला होता, त्याला एवढंच हवं होतं की तिच्या बाजूनं कुणी काहीतरी सांगावं. आणि ते सांगणारा मी एकटाच जिवंत होतो. पण ते वचन नव्हतं आणि आमच्या नियमात बसत नव्हतं. नंतर दुसरी भीती आली. हे बाहेर पडलं तर पेठेत बोलतील, मरताना बाईला बाटवली म्हणून. आणि मंडळीत विचारतील, बाप्तिस्मा नाही, काही नाही, तुम्ही कुठल्या अधिकारानं आशा दिलीत. वहिनींनीच सांगू नका म्हटलं होतं, हे कारण मला सोयीचं पडलं.

तेवढ्यात ती गोष्ट तयार झाली. त्याचं 'दोनदा जळायचं' हे वाक्य मंडळीत टवाळी म्हणून फिरलं. पेठेत त्याच्या मित्रांनी उलटं धरलं, ख्रिस्ती लोकांनी बायको गेलेल्या माणसाला हाकलला म्हणून. दोन्हीकडं मी एका शब्दानं सगळं खोडू शकलो असतो. एकीकडं माझी वाहवा होत होती आणि दुसरीकडं जायची मला लाज वाटत होती.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा कुलूप होतं. मुलीकडं, इचलकरंजीजवळ कबनूरला गेल्याचं शेजाऱ्यानं सांगितलं. मला निघायला पावसाळा गेला आणि दिवाळीही गेली. एका दुपारी इचलकरंजीच्या गाडीत बसलो. वाटेत काय बोलायचं ते मनात म्हणत होतो.

मुलीच्या घराला लागून जावयाचे यंत्रमाग होते. मधे एकच भिंत. शेडमध्ये माग चालू होते आणि घरात भांडीसुद्धा थरथरत होती. तो पलंगावर बसला होता. बारीक झाला होता, ऐकूही कमी येत होतं. मला बघून त्यानं शेजारची जागा हातानं झाडली.

"बस. बोल की," तो ओरडला. तिथं ओरडूनच बोलावं लागत होतं. मुलगी चहा घेऊन आली आणि दारात उभी राहिली.

"काय म्हणतोयस?" त्यानं कानाला हात लावला.

"बरा हायस न्हवं?" मीही ओरडलो.

माफी ओरडून मागता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग एकदम थांबले. घर इतकं शांत झालं, की मला माझाच श्वास ऐकू आला.

तो म्हणाला, "आता बोल. गेल्या लाईटी."

तो वाट बघत होता. मला आज खात्रीनं वाटतं, की तो वाट बघत होता.

मी म्हणालो, "औंदा पेठेचा फुटबॉलचा संघ कसा हाय?"

त्यानं सांगितलं. गोलकीपर नवीन आहे, पोरं दमात कमी पडतात. मग विचारलं, "तक्ता हाय का आजून भिंतीवर?"

"काढला."

"का रं?"

"भिंत रंगवली," मी म्हणालो. भिंत रंगवली नव्हती. त्या बुधवारनंतर मला त्याच्याखाली बसवेना, म्हणून काढला होता. एवढं जरी बोललो असतो तरी पुढचं आपोआप आलं असतं.

त्यानं मान हलवली. लाईट आली, माग सुरू झाले. मी निघताना त्यानं काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. मी हात वर करून "व्हय, व्हय" म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. मला दोन दिवसांनी कळलं. बुधवारची सभा मी बंद केली. रविवारी चर्चला जातो, मागं बसतो. माझा विश्वास गेलेला नाही. कर्णा वाजेल, असं मी अजून मानतो. पण तो कुणाकुणासाठी वाजेल हे मला ठाऊक आहे, असं पुन्हा कधी म्हणणार नाही. पाळकसाहेबांना मी हे कागद देणार आहे, म्हणजे निदान माझ्या मंडळीत तरी त्याच्यावरचा आळ जाईल. त्याच्या मुलीकडंही एक प्रत पोचवायची आहे. पण तिला आणि पाळकसाहेबांना सांगणं म्हणजे त्याला सांगणं नव्हे.

त्या दुपारी लाईट गेली होती तेव्हा मला म्हणायचं होतं ते असं: मर्दा, त्या बुधवारी तू वाद घालाय आला न्हवतास, आणि मला ते कळलं न्हाय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला म्हाईत न्हवतं. म्हाईत न्हाय एवढंच म्हणून तुझ्याजवळ येऊन बसाय पायजे हुतं. वहिनी जे बोलल्या ते माझं न्हवतं, तुझं हुतं, आणि मी ते दडवून ठेवलं. माझं चुकलं. मला माफ कर.