कु. सोनूचा ढावलो

आमच्या दिग्रसात कापूस बुडाला आणि गाणं तरलं. ज्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, ते बंद पडलं, आणि त्याच पत्र्यांखाली दोन बँड, एक बँजो पार्टी आणि आमचा ऑर्केस्ट्रा तालमी करू लागले. एका कोपऱ्यात ट्रम्पेट, दुसऱ्यात ढोलक. शेजारचे म्हणायचे, यापेक्षा मशीनचा आवाज बरा होता. घरोघरची लग्नं झेपेनाशी झाल्यावर सामूहिक विवाह सुरू झाले, आणि सामूहिक विवाहात नवरदेव उशिरा आला तर चालतो, ऑर्केस्ट्रा वेळेवर लागतो. लाल कोट शिवणारा शिंपी, जनरेटरवाला, फेटेवाला, मंडपवाला, सगळ्यांच्या चुली या गाण्यावर पेटायच्या. पुसद-यवतमाळची माणसं तारखा धरायला एसटीनं दिग्रसला यायची. गावाला त्याचा कोण अभिमान!

मी निवेदन करायचे. शाळेत मराठी शिकवून माझा आवाज मैदानभर पोचण्याइतका तयार झाला होता, आणि ऑर्केस्ट्राचे मालक दीनानाथकाका आमच्या शेजारीच राहायचे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पेटीवर हात छान, बोलणं गोड. माणूस वाईट असता तर मी कधीच भांडून मोकळी झाले असते. पण ते सगळ्यांना 'बेटा' म्हणायचे आणि तसं वागवायचेही, त्यामुळे भांडायला तोंडच उरत नसे.

सोनू राठोड त्यांच्याकडे आली ती सिनेमाची गाणी म्हणायला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या लालसिंगची एकुलती एक मुलगी. आवाज गोड होता, पण गोड आवाजाच्या मुली गावात पुष्कळ होत्या. एका सामूहिक विवाहात बंजारा नवऱ्या ओळीनं बसल्या होत्या. त्यांच्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात पडून, रडता रडता गाऊन एकेकाचा निरोप घेते. हे ज्या नवरीचं तिनंच म्हणायचं असतं. पण इतक्या नवऱ्या एकदम गळ्यात पडू लागल्या तर पाहुण्यांची भाषणं व्हायची कधी? शिवाय निम्म्या पोरी आमच्या शाळेत शिकलेल्या. त्यांना कविता पाठ होत्या, ढावलो येत नव्हता.

"सोनू बेटा, तू म्हण माइकवर. सगळ्यांच्या वतीनं," काका म्हणाले.

सोनूनं डोक्यावर ओढणी घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली. नवऱ्या रडल्या, आया रडल्या, भाषणाला आलेले पुढारी खिशात रुमाल शोधू लागले. ती थांबली तशी मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

तिथंच बिचारी अडकली. पुढे तिनं कुठलंही गाणं लावलं की लोक दुसऱ्या कडव्याला ओरडायचे, "ढावलो! ढावलो!" पोस्टरवर मोठ्या अक्षरात यायला लागलं, 'कु. सोनू राठोड यांचा ढावलो'. त्यातलं 'कु.' काकांनी मुद्दाम लाल रंगात घेतलं होतं. "लग्न झालेल्या बाईचं माहेर सुटलेलंच असतं," ते म्हणायचे, "तिच्यासाठी कोण रडणार?" धंद्याच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग यायचा.

तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं बालवाडीत जायला लागली. काका म्हणायचे, एवढा सीझन होऊ दे बेटा. शिंपी तेच म्हणायचा, बँडवाले तेच म्हणायचे. लालसिंगही मान डोलवायचा. त्याच्या घरावरचे पत्रे लेकीच्या गळ्यानं चढले होते. आणि एखादं स्थळ आलंच, तर ते वेगळ्याच कारणानं परत जायचं. फुलसावंगीकडची जमनाबाई आपल्या मुलाला, संजयला घेऊन आली, तेव्हा ते कारण माझ्यासमोरच बोललं गेलं.

"पोरगी नाकीडोयी चांगली हाय," ती लालसिंगला म्हणाली. "पन इनं किती डाव माहेर सोडलं? इचं रडनं सरलं असन. आमच्या दारात कोरड्या डोयानं आली तं कसं व्हायचं?"

मला हसू आलं. सोनूला आलं नाही. त्या दिवशी कार्यक्रमाला जाताना गाडीत ती माझ्याजवळ सरकून बसली.

"मॅडम, मले एकच पायजे. माह्या लग्नात माहा ढावलो मी म्हनीन. बिना माइकचा. याडीच्या कानात." याडी म्हणजे आई. "मंग गानं बंद. मले घरची बाई व्हायचं हाय."

"संजयचं काय?"

"त्यो हटून बसला. म्हनते, करीन तं इच्याशीच."

संजय ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि आईपेक्षा हट्टी निघाला. तारीख ठरली, त्याच जिनिंगच्या आवारात, सामूहिक विवाहात. काकांना पंचाईत पडली, पण माणुसकीला जागले. शालू त्यांनी घेतला, नवऱ्यांजवळचा माइक स्वतः काढून ठेवला. "आज बेटाचं स्वतःचं आहे," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मला तेव्हा ते फार आवडले.

निघायची वेळ झाली. सोनू उठली, आईच्या गळ्यात पडली. आवार असं शांत झालं की पत्र्यावरची कबुतरं ऐकू येत होती. तिनं तोंड उघडलं आणि आवाज सुटला तो थेट शेवटच्या रांगेपर्यंत. हनुवटी वर, तोंड लोकांकडे. उजवी मूठ ओठांपुढे धरलेली, माइक धरल्यासारखी. आई तिचा हात खाली ओढत होती, तो पुन्हा वर जात होता. याडीचा निरोप झाला, बापूचा झाला, मग तिनं भावाचा निरोप घेतला. तिला भाऊ नव्हता. स्टेजवरच्या ढावल्यात भाऊ होता, म्हणून तिच्याही लग्नात आला. डोळ्यांत टिपूस नाही. आईनं हात सोडले आणि परक्या बाईकडे पाहावं तशी तिच्याकडे पाहत राहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वन्स मोअर!"

जमनाबाई एवढंच म्हणाली, "पाह्यलं? मी म्हनलं होतं ना?"

सोनू फुलसावंगीला गेली. वर्षभर आम्ही दुसऱ्या मुलींकडून ढावलो म्हणवून पाहिला. लोक जेवायला उठून जायचे. त्याच साली शेतांवर लाल्या रोग पडला. कापसाची पऱ्हाटी उभ्या उभ्या लाल झाली, बोंडं फुटलीच नाहीत. शेतांचीच कामं नाहीत तर संजयकडे ट्रॅक्टर कोण आणणार? मग एक दिवस जमनाबाईच एसटीनं दिग्रसला आली आणि काकांच्या ओसरीवर बसली. "सुनेले घिऊन जा बाप्पा. घरात बसून काय करन ते?" काकांनी जुनीच पोस्टरं काढली. 'कु.' लाल रंगात तसंच होतं.

तेव्हापासून रीत ठरून गेली. स्टेजवर जायच्या आधी सोनू पडद्यामागे मंगळसूत्र काढायची आणि सासूच्या हातात द्यायची. सासू ते पदराच्या गाठीत बांधून पहिल्या रांगेत बसायची. हे पाहून माझ्या अंगाची आग व्हायची. संजयला मी एकदा विचारलंही, तुला हे चालतं? त्यानं हातातला पाना पुसत सांगितलं, "चालत नाई मॅडम. पन दुसरं काय चालून राह्यलं?"

मागच्या सामूहिक विवाहात मंगळसूत्र काढता काढता सोनू म्हणाली, "मॅडम, एक डाव मले सौ. म्हना ना. सौ. सोनू संजय चव्हाण. एकच डाव. मले आयकू द्या."

मी माइकपुढे गेले आणि सगळी ताकद लावून म्हटलं, "आता ढावलो सादर करत आहेत, सौ. सोनू संजय चव्हाण!"

आधी कोणाला कळलंच नाही. मग लोक हसायला लागले. काका पेटीजवळच्या माइकवरून गोड आवाजात म्हणाले, "अनघाताई शाळेतून दमून आल्यात, सांभाळून घ्या मंडळी. कुमारी सोनू राठोड!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत जमनाबाईही हसत होती, एक हात पदराच्या गाठीवर ठेवून. माइक आपटावा असं वाटलं मला.

सोनू पुढे आली. सुरुवात केली आणि याडीच्या नावाला तिचा आवाज फुटला. डोळे घळाघळा वाहत होते. आपल्या लग्नात जे आलं नाही, ते आता थांबत नव्हतं. उजव्या हातात माइक होता आणि डावा हात समोर पसरलेला, कोणाचा तरी गळा शोधणारा. तिची आई तिकडे तांड्यावर होती. जमनाबाईचं हसू गेलं. तिची बोटं पदराची गाठ सोडू लागली, मग लोकांकडे पाहून तिनं ती पुन्हा आवळली.

नवऱ्या हमसून हमसून रडत होत्या. आवार पेटून उठलं होतं. असा ढावलो दिग्रसनं आजवर ऐकला नव्हता.

"वन्स मोअर!"

काकांनी पेटीवर सूर धरला. सोनूनं ओढणीनं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा माहेर सोडायला लागली.