पहिलं ‘नको’

आमच्या ब्रॅडवेलमध्ये माणूस गेला की दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं. हॅमचं सँडविच, बटाट्याचं सॅलड आणि थरथरणारी हिरवी जेली. जेली नसली तर माणूस नीट गेल्यासारखं वाटत नाही.

कित्येक वर्षं हे जेवण डेलोरिस कुचेरा आणि इर्मा फोग्ट यांच्या टोळीने केलं. टोळी मोठी होती. पण वाढणाऱ्या बायका एकेक करून जेवणाचं निमित्त होत गेल्या. त्यांची मुलं तर केव्हाच ओमाहा शहरात निघून गेलेली. नेब्रास्कातल्या या गावात राहिलो आम्ही गुडघे धरून उठणारे. रिकाम्या घरांत मांसाच्या कारखान्यात काम करणारी ग्वाटेमालाची कुटुंबं आली, आणि शाळेत पुन्हा गलका सुरू झाला. तळघरात मात्र दोघीच उरल्या होत्या. मंगळवारी इर्माही गेली.

शनिवारी दफन. माणसं शंभरावर येणार आणि डेलोरिसची बोटं संधिवाताने वाकलेली.

“जन्मभर सगळ्यांना जेवू घातलं तिने,” ती मला म्हणाली. “तिच्याच दिवशी लोक उपाशी गेले तर मी तोंड कुठे लपवू?”

“मी बटाटे सोलतो की.”

“वॉल्ट, तू सोललेल्या बटाट्याची गोटी होते. तू खुर्च्या मांड.”

गुरुवारी समोरच्या घरातली, ग्वाटेमालाहून आलेली मारिसोल आली. “काही मदत करू का?”

“नको गं, होईल माझं,” डेलोरिस म्हणाली. मारिसोल मान डोलावून गेली. डेलोरिस खिडकीतून बघतच राहिली.

“गेली की ही. परत विचारलंसुद्धा नाही.”

“तू नको म्हणालीस ना.”

“अरे, पहिलं नको कुणी धरतं का? दुसरंही धरत नाहीत. तिसऱ्यांदा विचारलं की आपण म्हणायचं, बरं, तुझा आग्रहच असेल तर.”

“हे तिला कोण सांगणार?”

“सांगायचं काय त्यात? लहान मुलाला कळतं.”

शुक्रवारी दुपारपर्यंत तिने जेमतेम पातेलंभर बटाटे सोलले आणि सुरी खाली ठेवली. मग कोट चढवून रस्ता ओलांडला. मी आधाराला मागे.

मारिसोलने दार उघडलं. “या, बसा ना.”

“नको, नको.”

“कॉफी घ्याल?”

“नको.”

मारिसोल खरंच कॉफी आणायला गेली नाही. “मग काही मदत हवीय का?” तिने विचारलं.

डेलोरिसच्या ओठांवर ‘न’ येऊन बसलेला मला स्पष्ट दिसला. तिने तो गिळला. असा गिळला की मान लाल झाली.

“हो,” ती म्हणाली. “हवीय. खूप हवीय.”

“मग कालच सांगायचं ना,” मारिसोल म्हणाली आणि घरात वळून स्पॅनिशमध्ये हाका मारायला लागली.

शनिवारी तळघरात मारिसोल धरून त्यांच्यातल्या पाच जणी होत्या. सॅलडमध्ये मिरची पडली होती, जेली मात्र हिरवीच. डेलोरिस सवयीने ॲप्रन घालायला गेली, तर मारिसोलने तो तिच्या हातातून काढून घेतला. “तुमची मैत्रीण गेलीय. तुम्ही तिकडे बसा.”

डेलोरिस इर्माच्या मुलांशेजारी जाऊन बसली. इतक्या मैत्रिणी गेल्या, पण दर वेळी वाढताना रडायला सवडच मिळाली नव्हती. समोर भरलेली ताटली आली. तिने काटा उचलला, परत ठेवला, आणि मग सगळ्यांसाठी मिळून एकदाच रडली.